ईराचं ताट

आम्ही गोदाला घेऊन निघालो, तेव्हा ती उलटी चालत होती.

लातूरकडच्या एका गावातलं ते बालसदन. पुढे शहाबादी फरशीचं अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक आणि फाटकाबाहेर आमची भाड्याची गाडी. सगळी पोरं पायऱ्यांवर येऊन उभी होती. दुपट्यातल्या गोदाला चार वर्षांची करणाऱ्या कमलबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, मुठीत साखरेची पुडी दिली आणि बजावलं, "मागं वळून बघायचं न्हाई, गोदे. वळून बघितलं की पाय हितंच ऱ्हातेत."

पोरीने क्षणभर विचार केला. मग ती पायऱ्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि तशीच एकेक पाऊल मागे टाकत फाटकापर्यंत आली. वळलीच नाही, म्हणजे वळून बघायचा प्रश्नच मिटला. श्रीधर, माझा नवरा, ती अडखळू नये म्हणून तिच्या पाठीमागे हात धरून वाकून चालत होता. कमलबाई पदराआड हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. मी मात्र मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. अशी एक्झिट मला आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात वीस तालमी करूनही जमलेली नाही.

मिरजेच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे बॅगा भरून कुठे कुठे जाऊन पडलेल्यांनो, पुढची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. फोनवर मी ती तुकड्या-तुकड्यांत आणि प्रत्येकाला थोडी वेगळी सांगितली आहे. ही शेवटची आवृत्ती.

माझी स्वतःची एक्झिट अगदीच साधी होती. मिरज स्टेशनावर आईने डब्याच्या खिडकीतून दशम्यांचं पुडकं आत सरकवलं आणि गाडी हलताना म्हणाली, "तिकडं परक्या मुलखात कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ देऊ नको. दुसरीला पण नको. तिसऱ्या हाकेला दे. माणूस असलं तर तीनदा हाक मारतं." सिंगापूरच्या बँकेत हिशेबाच्या नोकरीला निघालेल्या मुलीला एवढा एकच सल्ला. तो मी पाळला, आणि पहिली दोन वर्षं ऑफिसात मला कमी ऐकू येतं असा समज होता. शिवाय कुंदा हे नाव तिथे कुणाच्या जिभेवर बसेना. त्याचं नुसतं 'के' झालं. के अजूनही त्या ऑफिसात काम करते. मी तिला सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सोडते आणि संध्याकाळी घेऊन येते.

आता ईराची गोष्ट. लग्नानंतर पहिल्याच वर्षी, सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी, रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून इडली खाताना आम्ही मुलीचं नाव ठरवलं. ईरा. मी हे आईला सांगायची चूक केली. पुढच्याच खेपेला तिने मिरजेच्या भांड्याच्या दुकानातून ताट, वाटी आणि पेला असा संच पाठवला, तिन्हींवर मशीनने नाव घातलेलं, टिंबाटिंबांच्या अक्षरांत: ईरा. पोर आधी की ताट आधी, हा प्रश्न माझ्या आईला कधी पडत नाही.

पोर आली नाही. ताट आमच्या शेल्टरमध्ये गेलं. इथल्या नव्या फ्लॅटांत प्रत्येक घराला एक शेल्टर असतं: जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, दार लोखंडी आणि बँकेच्या तिजोरीसारखं जड. युद्ध झालं तर त्यात बसायचं. युद्ध होत नाही, म्हणून सगळे त्यात अडगळ ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये भाजणीचे डबे, लोणच्याच्या बरण्या, सुटकेसा आणि सगळ्यात वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ईरा. दर दिवाळीला मी ती उतरवून पुसायची. पुसताना तिच्याशी दोन शब्द बोलायचीसुद्धा. 'झाली का गं मोठी?' असं काहीबाही. श्रीधरला वाटायचं मी फोनवर आहे. अशी दहा वर्षं गेली, आणि मग आम्ही दत्तकाचा अर्ज भरला.

तर गोदा आली, आणि फोनवरून आईचा हुकूम सुटला: नवं घर, नवं नाव, रीतसर बारसं करा. आम्हालाही ते हवंच होतं. मंडळातल्या बायका घुगऱ्या आणि सुंठवडा घेऊन जमल्या. चार वर्षांची पोर पाळण्यात मावणार नाही म्हणून तिला पाटावर बसवली. कानात कुर्र करायला आत्या हवी, तर श्रीधरची बहीण नाशिकला. मग फोन पोरीच्या कानाला लावला आणि आत्याबाई तिकडून किंचाळल्या, "कुर्रर्र... ईरा!" पोर दचकली. बायकांनी पाळणा म्हटला, ईरा घरी आली, ईरा घरी आली. पोरीने दाराकडे बघितलं. आम्ही सगळ्या हसलो. किती गोड, म्हणालो.

संध्याकाळी मी शेल्टरमधून ताट काढलं, चिंच लावून घासलं, त्यात वरणभात वाढला आणि नाटकी आवाजात जाहीर केलं, "हे बघ, हे ईराचं ताट."

तिने ताटाकडे बघितलं, अदबीने ते दूर सारलं आणि डब्याच्या झाकणात भात मागून घेतला.

तिथून सुरुवात झाली. पोर रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. पाहुण्यासारखी राहायची. चपला दारापाशी जोडीने लावून ठेवायची, आणि तिची पिशवी त्यांच्या शेजारी भरलेली असायची. आमच्याशी मान हलवून बोलायची. पण शेल्टरचं दार किलकिलं असलं की त्या फटीतून तिचा आवाज यायचा, हलका, गप्पा मारल्यासारखा. मध्ये थांबायची, जेवढा वेळ समोरच्याला उत्तर द्यायला लागतो तेवढाच. मग हसायची. मी दार उघडलं की आत ती एकटी, बरण्यांच्या मध्ये मांडी घालून बसलेली. बिस्किटाचा अर्धा तुकडा समोर फरशीवर.

त्यात इथला सातवा महिना लागला. चिनी मंडळींच्या समजुतीप्रमाणे त्या महिन्यात मेलेल्यांच्या जगाचं दार उघडतं आणि ते सगळे सुट्टीवर येतात. आमच्या ब्लॉकखाली गवतात लाल मेणबत्त्या खोचल्या गेल्या, उदबत्त्यांच्या जुड्या, संत्री, छोट्या पेल्यांत चहा. मेलेल्यांसाठी जाळलेल्या कागदी नोटांची राख उडून अकराव्या मजल्यावरच्या आमच्या कपड्यांवर येऊन बसायची. मैदानात मंडप उभा राहिला, गाणी सुरू झाली. आम्ही पोरीला घेऊन बघायला गेलो. खुर्च्या भरलेल्या, पण पहिली रांग सबंध रिकामी. जागा दिसली की बसायचं, या आपल्या संस्कारानुसार श्रीधर टेकणारच होता, तेवढ्यात शेजारच्या लिम आंटीने त्याचा शर्ट मागून ओढला. ती रांग त्यांच्यासाठी, ती म्हणाली.

"ह्या कुणाच्या?" पोरीने मला खुर्च्यांबद्दल विचारलं. आपणहून विचारलेला तिचा तो पहिलाच प्रश्न. मला इतका आनंद झाला की मी डोळे मोठे करून, आवाज खाली आणून सांगितलं, "जे आहेत पण दिसत नाहीत ना, त्यांच्या."

तिने मान डोलावली. जणू हे तिला ठाऊकच होतं, फक्त कुणी तरी कबूल करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने जेवणाच्या टेबलावर चौथ्या, रिकाम्या खुर्चीपुढे ईराचं ताट मांडायला सुरुवात केली. त्यात पोळीचा तुकडा, भाताची ढेप, कोपऱ्यात मीठसुद्धा. लिफ्टमध्ये शिरली की दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरायची, बाहेरच्या रिकाम्या कॉरिडॉरकडे बघत. मग समाधान झालं की बटण सोडून भिंतीला चिकटून उभी राहायची, आणखी एकासाठी जागा करून.

मंडळी, तुम्ही मला ओळखता. भुताच्या गोष्टी सांगून मी तुमच्यापैकी निम्म्यांना एकटं परसात जायला घाबरवलं आहे. पण त्या लिफ्टमध्ये, आरशासारख्या स्टीलच्या भिंतीत आम्ही तिघं आणि तिघांच्या मध्ये बरोबर एका माणसाएवढी मोकळी जागा दिसत असताना, माझ्या मानेवरून काही तरी गार सरकलं. मी आरशात बघायचं सोडून दिलं.

लिम आंटी अर्थातच खूश. "शी कॅन सी, लाह," इथल्या सगळ्यांसारखं 'लाह'चं शेपूट लावून ती मला कौतुकाने म्हणाली, मुलगी पियानो वाजवते म्हणावं तसं. मग एकदम गंभीर झाली. "बट यू आह, ऑलवेज शाउटिंग हर नेम इन द कॉरिडॉर. सेव्हन्थ मंथ डोन्ट कॉल नेम. राँग वन विल कम."

नाव घेऊन हाक मारू नकोस, भलतंच कुणी येईल. माझी आई इतकी चांगली चिनी बोलते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मला ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण नूर मॅडम येणार होत्या. नूर मॅडम म्हणजे दत्तक मुलं नव्या घरात रुळली की नाही ते बघायला येणाऱ्या बाई. त्यांचा शेरा चांगला पडला तरच पुढे कोर्ट पोर आमची म्हणून देणार. तोवर ती कागदोपत्री आमच्याकडे नुसती मुक्कामाला होती. आणि आमच्याकडे दाखवायला काय होतं? दारापाशी भरलेली पिशवी, आम्हाला कशानेही हाक न मारणारी पोर, आणि जेवायला येणारं एक भूत. माझ्या नाटकीपणाची सगळी हवा गेली. मी श्रीधरला म्हणाले, "नेतील रे तिला." त्याने नुसती तिच्या पिशवीची उसवलेली शिवण शिवायला घेतली, आणि ते बघून मला अजूनच भीती वाटली.

नूर मॅडम शनिवारी दुपारी आल्या. हसऱ्या, हिजाब नीट पिनांनी लावलेला, बसायच्या आधी चपला स्वतः उचलून बाजूला ठेवणाऱ्या. मी चहा, चिवडा आणि माझं सर्वोत्तम हास्य मांडलं. पोर खिडकीपाशी उभी होती. मॅडमनी शेजारची गादी थोपटली आणि प्रेमाने म्हणाल्या, "ईरा, कम, सिट हिअर."

पोर लगबगीने निघाली. सोफ्याकडे नाही. शेल्टरकडे. दोन्ही हातांनी ते लोखंडी दार ओढून तिने अंधारात डोकं घातलं आणि म्हणाली, "ईरा, तुला बोलवायल्यात."

थांबली. ऐकलं. परत आली.

"येत न्हाई म्हणती."

"व्हॉट डिड शी से?" मॅडमनी विचारलं.

भाषांतर माझ्याकडे होतं. "शी सेज, वन मिनिट," मी म्हणाले.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग शेल्टरच्या काळ्या फटीकडे. आत भाजणीच्या डब्याचं झाकण आपसूक कुठे तरी टणकन वाजलं. तेव्हा श्रीधर उठला, पोरीसमोर जमिनीवर बसला आणि त्याने इतक्या दिवसांत आम्हाला न सुचलेला प्रश्न विचारला.

"ईरा कोण गं?"

"तुमची पोरगी."

"आणि तू?"

तिने त्याच्याकडे दयेने बघितलं. "मी गोदी न्हवं का."

"मग गोदी इथं कशाला आली?"

"तिच्यासंगं खेळाया." मग तिने दारापाशी ठेवलेल्या पिशवीकडे नजर टाकली आणि हळूच विचारलं, "मी वापस कवा जायाचं?"

माझ्या डोक्यात गेले कित्येक दिवस एकामागून एक उजळत गेले. ईरा जेवली का? ईराला झोप आली का? ईरा दमली वाटतं. आपण मराठी माणसं लहान मुलांशी अशीच बोलतो, त्यांच्या तोंडावर त्यांचीच चौकशी, जणू ती दुसरीच कुणी आहेत. गोदाला वाटलं, हे लोक आपल्याला त्यांच्या मुलीबद्दल विचारतायत. शहाणी पोर, म्हणून ती दर वेळी बघून यायची. आणि आत्याबाईंनी कानात सांगितलेलं, बायकांनी गाऊन सांगितलेलं, मी ताट दाखवून सांगितलेलं, सगळं तिने खरं मानलं होतं: या घरात ईरा नावाची मुलगी आहे. दिसत नाही, पण आहे. सगळे तिला सारखे हाका मारतात, आणि ती ओ देत नाही.

मी हे सगळं नूर मॅडमना सांगितलं, या खेपेला शब्दन् शब्द खरं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "देन व्हाय आर यू टेलिंग मी?" त्या म्हणाल्या. "कॉल हर."

"गोदे," मी म्हणाले.

"ओ," ती म्हणाली. पहिल्याच हाकेला. आणि धावत आली, वाटेतली खुर्ची पाडून. इतके दिवस त्या घरात पावलांचा आवाज न करता वावरलेली पोर.

कोर्टाचा कागद आला तेव्हा त्यावर नाव गोदाच होतं. पिशवी शेल्टरमध्ये गेली. आता ती बालवाडीतून येऊन मला 'आई, डोन्ट लाइक दॅट लाह, लई गरम हाय' असं एका दमात म्हणते, आणि ते वाक्य जगात आणखी कुठल्याही घरात बोललं जात नसेल याचा मला फार अभिमान आहे.

इथे पडदा पाडला असता तर बरं झालं असतं. मंडळात मी ही गोष्ट इथेच संपवते आणि भरपूर हशा घेते. पण तुम्हाला पुढचंही सांगते.

कोर्टाचा कागद यायच्या आधीचं हे, सातवा महिना सरत आला होता. मी उभ्याउभ्याच गोदाची वेणी घालत होते आणि गंमत म्हणून विचारलं, "मग ती ईरा गेली का आता?"

"कुटं जाईल? हाय की."

"बरं. केवढी आहे गं? तुझ्याएवढी?"

गोदा वळली. चवड्यांवर उभी राहिली, हात वर ताणला आणि तिने तळवा माझ्या खांद्याला टेकवला. "एवढी. ती फळी तिच्या डोक्याला लागती, म्हणून वाकून बसती."

माझ्या खांद्याएवढी म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुलगी. रिकाम्या हॉलमध्ये इडली खाताना आम्ही जिला पहिल्यांदा हाक मारली, ती जर तेव्हाच आली असती, तर आज बरोबर तेवढी असती. हे मी गोदाला कधीही सांगितलेलं नव्हतं.

श्रीधरचं म्हणणं, बालसदनात मोठ्या मुली असायच्या, तिने तशीच एक कल्पिली. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. घरात एक तरी शहाणं हवं. लिम आंटीने वेगळं सांगितलं: महिना संपला की दार बंद होतं आणि सगळे आपापल्या ठिकाणी परत जातात, काळजी करू नको. महिना संपला. राख उडायची थांबली. गवतातल्या मेणबत्त्या कुणी तरी वेचून नेल्या. त्या संध्याकाळी गोदाने टेबलावर चौथं ताट मांडलं.

"अगं, सगळे गेले ना परत?" मी म्हणाले.

"ते भायेरचे," गोदा म्हणाली. "ही हितलीच हाय."

खरंच होतं. मी मिरजेची, श्रीधर नाशिकचा, गोदा लातूरकडची. या घरात बाहेरून न आलेली ती एकटीच. ती इथे जन्मली, इथेच वाढली, आमच्या हाकांवर. आम्ही आता तिला हाक मारत नाही, पण ताट ठेवतो. भात नंतर मी गुपचूप परत भांड्यात टाकते. कधी कधी तो गार झालेला असतो, कधी कधी जरा जास्तच गार. सुट्टीला बाहेर पडताना गोदा अजूनही उलटी चालत दाराबाहेर येते, रिकाम्या हॉलकडे तोंड करून, आणि मी कुलूप लावायच्या आधी आत हात हलवते. मीही हलवते. परदेशात इतकी वर्षं काढून मला घर म्हणजे काय ते एवढंच कळलंय: आपण कुलूप लावल्यावर ज्यात कुणी तरी मागे राहतं, ते.

हे सगळं मी परवा आईला फोनवर सांगितलं. तिकडे तिचा दुपारचा चहा, इकडे आमची दिवेलागण. मला वाटलं ती घाबरेल, नारळ उतरवून टाक म्हणेल. ती शांतपणे चहा फुरकत होती.

"त्यात काय," ती म्हणाली. "चहा झाला की मी पण जिन्याखालनं हाक मारते. कुंदे, चहा झाला गं. सवय आहे, तोंडातनं जातीच. तुझे बाबा पहिल्यांदा हसायचे."

"आई, मला इकडं येऊन इतकी वर्षं झाली. वर कोण आहे ओ द्यायला?"

"देतेस की," आई म्हणाली. "पहिलीला नाही देत. दुसरीला पण नाही. तिसऱ्या हाकेला देतेस."

वरच्या खोलीतून जो आवाज येतो, तो केवढ्या मुलीचा असतो, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. मग मी ते मिटलं, आणि आजी काय म्हणते ते ऐकायला आलेल्या गोदाला मांडीवर घेतलं.